चौकशीकाकूंनी काय उचललं

संशयित व्यक्तीचे वर्णन : स्त्री. वय पासष्टच्या आसपास. बांधा किरकोळ, केस आखूड, खांद्याला कापडी पिशवी. सदर व्यक्ती एकाच वस्तूसमोर दीर्घकाळ घुटमळते, वस्तू उलटसुलट करून पाहते व कर्मचाऱ्यांना अनावश्यक प्रश्न विचारते. पुन्हा आढळल्यास व्यवस्थापनास तत्काळ कळवावे. सदर व्यक्ती त्या दिवशी वाचायचा चष्मा घरी विसरली होती.

शेवटचं वाक्य अर्थातच दुकानाच्या कागदावर नव्हतं. बाकीचा मजकूर मात्र फोटोसकट काउंटरमागे चिकटवलेला होता, आणि काकूंच्या मते त्यातला एकच शब्द चूक होता : 'अनावश्यक'.

काकूंची सगळी नोकरी बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत झाली. "तीनची गाडी किती वाजता सुटते?" या प्रश्नालाही त्या न हसता उत्तर देत. निवृत्त झाल्यावर उत्तरं देण्याचा कोटा संपला, आणि त्यांनी प्रश्न विचारायला घेतले. गल्लीने नाव ठेवलं चौकशीकाकू. तरी बाहेर जाताना शेजारीपाजारी घराच्या किल्ल्या त्यांच्याकडेच ठेवत. तुमचा फ्रीज घरघरतो का, हे त्या विचारत. फ्रीज उघडत नसत.

त्या दिवशी दुकानात भांड्यांच्या रांगेत त्यांना एक वाकडी प्लास्टिकची वस्तू दिसली. दोन भोकं, एक आकडा. कशासाठी असावी, काही केल्या कळेना. पाकिटावरची अक्षरं मुंगीएवढी. म्हणून त्या ती घेऊन उजेडात, म्हणजे काचेच्या दाराशी गेल्या. दाराचा अलार्म कोकलला. रखवालदार धावत आला.

"काकू, हे तुम्ही उचललंत?"

"उचललं की."

"म्हणजे कबूल?"

"यात कबूल काय करायचं? न उचलता दिसणार कसं?"

खिडकीत आयुष्य गेलेल्या माणसाला विचारलं तेवढ्याचंच नेमकं उत्तर देण्याची खोड असते. 'चोरलंत का?' असं विचारलं असतं, तर काकू नाही म्हणाल्या असत्या. कुणी विचारलंच नाही. मग मागच्या खोलीत, फरशी पुसायच्या बादल्यांशेजारी, त्यांना बराच वेळ स्टुलावर बसवलं आणि फोटो काढला.

बातमी त्यांच्याआधी गल्लीत पोचली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. किल्ल्या मात्र एकेक करून निघाल्या. कुणाकडे पाहुणे यायचे होते, कुणाच्या सुनेची किल्ली हरवली होती. खालचे मास्तर नुसतं "सहज" म्हणाले. ते 'सहज' काकूंना फार लागलं.

वकील भाची तावातावाने आली. "मावशी, अब्रुनुकसानीची नोटीस पाठवते. डांबून ठेवल्याबद्दल वेगळी."

"डांबून नाही गं. स्टुलावर बसवून."

"तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

नोटिशीचा मसुदा घेऊन दोघी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. त्याने लगेच कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. 'उचललं की' स्वच्छ ऐकू आलं. "बघा, बाई स्वतःच म्हणतायत," तो म्हणाला. टेबलावर पुराव्यादाखल ती वाकडी वस्तू होती.

"ही इथे कशी आली?" भाचीने विचारलं.

"मीच आत्ता रॅकवरून उचलून आ..." मॅनेजर थांबला.

"मग तुमचा फोटो कुठे लावायचा?"

मॅनेजरने मसुदा पुन्हा एकदा वाचला, या वेळी सावकाश. मग फोटो उतरवायला सांगितला आणि माफीचं पत्र द्यायची तयारी दाखवली, वर खरेदीचं कूपन.

"पत्र मी दारोदार दाखवत फिरू?" काकू म्हणाल्या. "आमच्याकडे या आणि तोंडाने सांगा. मग नोटीस नको."

रविवारी सकाळी तो टाय लावून आला. नेमके तेव्हाच सगळ्या गॅलऱ्यांत कपडे वाळत घालायला निघाले होते. अंगणात उभा राहून त्याने कागद वाचला : "सदर महिला ग्राहकाने आमच्या दुकानातून काहीही उचललेलं नाही."

"थांबा," काकू म्हणाल्या. "खोटं कशाला बोलता? उचललं होतं."

भाचीने कपाळाला हात लावला. "मावशी, अगं!"

"उचललं होतं, चोरलं नव्हतं. तसं म्हणा. उद्या कुणी ते रेकॉर्डिंग ऐकलं, तर पुन्हा मीच खोटी."

मॅनेजरने कागदाची घडी घातली. "काकूंनी उचललं होतं. चोरलं नव्हतं. चूक आमची."

"ऐकू नाही आलं!" दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला.

त्याने घसा खाकरून पुन्हा सांगितलं.

संध्याकाळपर्यंत किल्ल्या परत आल्या, मास्तरांची सोडून. काकूंनी त्यांना जिन्यात गाठलंच. मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "त्याचं काय आहे, मधल्या काळात आम्ही कुलूपच बदललं."

"हो का?" काकूंनी विचारलं. "कुठल्या कंपनीचं?"