पुसायचा अधिकार

उजवीकडे खिडकी, खिडकीखाली समुद्रपूरचं बसस्थानक आणि एस.टी.चा धूर. डावीकडे भिंतीला लावलेले चार कॉम्प्युटर. मधोमध, खुर्ची मागे ढकलून उभी राहिलेली मोनाली. साल दोन हजार चार. तालुक्यातल्या घरांच्या पाहणीची नोंद करायचं काम एका कंत्राटदाराने घेतलं होतं आणि लहानू या शेतमजुराची ही बी.एस्सी. झालेली लेक त्या खोलीची प्रमुख होती.

कंत्राटदाराचे व्यवस्थापक योगेंद्र साहेब सकाळीच वर्ध्याहून आले होते. डेटाबेसमध्ये नऊ हजारांपैकी जेमतेम पाच हजार घरं आहेत, तुम्ही काम चुकवलंत, उरलेली फुकटात भरून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी बसल्या बसल्या सुनावलं. मोनालीने त्यांच्यादेखत घरांच्या कोष्टकातल्या ओळी, दर घराची एक, मोजायचा हुकूम कॉम्प्युटरला दिला. स्क्रीनवर उत्तर उमटलं, अधिकार नाही. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं आणि हसले.

"पाह्य. मशीनले बी तुही लायकी समजते."

तिची कानशिलं तापली. अधिकार हा शब्द तिच्या घरात हसण्यावारी नेण्याचा नव्हता; बाप उभा जन्म त्यासाठीच भांडला होता.

ती धपकन खुर्चीत बसली. कोष्टक उघडून पाहायला मनाई होती. पण ज्या कोष्टकात भरायची परवानगी असते, त्याबद्दल डेटाबेसने स्वतःपुरतं टिपून ठेवलेलं वाचता येतं. अंदाजे किती ओळी, आणि तो अंदाज कधी घेतला. तिने ते काढलं. ओळी नऊ हजारांच्या घरात. तारीख गेल्या रविवारची.

हा शिळा आकडा, साहेब म्हणाले, अंदाजपंचे. आजचे पाच हजारच खरे. शेजारच्या कॉम्प्युटरवर नोंदी भरणाऱ्या रुचिकाने तिचा हात दाबला, जाऊ दे म्हणाली. मोनालीने हात झटकला. आकडा शिळा होता हे तिला मान्यच होतं. तिचा सगळा जोर त्या शिळेपणावरच होता. रविवारी घरं होती, आज नाहीत. म्हणजे मधे कोणीतरी ती पुसून टाकली. तिने आपल्या नावावरचे अधिकार स्क्रीनवर आणले. एकच होता: नवी नोंद भरणे.

साहेब खिशात मोबाइल चाचपू लागले. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण जिन्यापर्यंत पोचेल असा लावला.

"भराचा अधिकार देल्ला मले, साहेब. पाहाचा नाई, पुसाचा तं नाईच नाई. मंग पुसाचा कोनाले देल्ला, त्याचं नाव सांगा."