लाईट जायच्या आधीचं दळण

वादळाचा मेसेज आला आणि आज सोनाळ्यात सगळेच कामाला लागले. मी घरावरच्या टिनावर दगडं ठेवले, पाणी भरलं आणि गव्हाचा डबा घेऊन चक्की गाठली.

तिथं शेजारच्या शेवंताकाकू ज्वारी घेऊन कधीच्या बसलेल्या. एकट्याच राहतात. पण गव्हाच्या पिठात ज्वारी नको, म्हणून ज्वारीचं दळण शेवटी. चक्कीवर हाच कायदा!

माझा नंबर आला तोवर आभाळ काळंभोर. मी चक्कीवाल्याला म्हटलं, "पहिले काकूचं टाका. माह्या पिठात ज्वारी आली तरी चालते."

काकूचं दळण झालं आणि लाईट गेली. माझे गहू तसेच घरी आले; घरात लेकरांपुरतंही पीठ नव्हतं.

दिवेलागणीला काकू दारात. पदराखाली गरम भाकरी.

"लेकरायले उपाशी ठेवतं का वं?"

तुमच्याकडं लाईट गेल्यावर भाकर कोणाच्या घरून येते?