बाबांच्या पोटातली कापडी नळी

बाबांची कंबर दुखायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, मुतखडा असेल. आमच्या साखरशेत गावात भाताची लावणी नुकतीच उरकली होती आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाबा दिवसदिवस चिखलात वाकलेले असायचे. मी जव्हारला कचेरीत कारकून. त्यांना माझ्याकडे आणून सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी मशीन बाजूला ठेवलं, बाबांच्या पोटावर तळहात ठेवला. मग म्हणाले, “ताई, इथे हात ठेवा.”

बेंबीच्या वर काहीतरी धडधडत होतं. हृदय खाली उतरून आल्यासारखं. मी हात पटकन काढून घेतला.

“महाधमनी, म्हणजे पोटातली मुख्य रक्तवाहिनी, फुगली आहे. आजच नाशिकला न्या.”

मोखाड्यापुढच्या घाटात प्रत्येक खड्ड्याला मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. ते डोळे मिटून होते. एकदा फक्त म्हणाले, “ड्रायव्हरला ओरडू नको. रस्ता त्याने केलेला नाही.”

नाशिकच्या सर्जन माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी स्कॅन दाखवला. जांघेतून कापडी नळी आत सरकवायची, म्हणजे रक्त तिच्यातून वाहील आणि फुग्यावर दाब येणार नाही. पण बाबांचा फुगा मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांना लागूनच सुरू होत होता. नळीला धरायला जागाच नव्हती.

“वर न्यावी लागेल,” त्या म्हणाल्या, “आणि वर नेली की मूत्रपिंडांच्या वाहिन्यांची तोंडं झाकली जातात. म्हणून बरोबर त्या तोंडांसमोर नळीला भोकं हवीत.”

“तशी मिळत नाही का?”

“माप देऊन परदेशातून बनवून घेता येते, पण त्याला आठवडे लागतात. यांना दुखतंय, म्हणजे फुगा कधीही फुटेल. मी तयार नळी थिएटरातच उघडीन. स्कॅनवरच्या मापाने कापड जाळून भोकं पाडीन, कडेला बारीक तार शिवीन, आणि परत गुंडाळून आत घालीन.”

“आणि भोक जरा सरकलं तर?”

“त्या बाजूचं मूत्रपिंड जाऊ शकतं. दोन्ही गेली तर डायलिसिस.” त्यांनी हे मऊ करून सांगितलं नाही. त्याबद्दल आज मला त्यांचा राग नाही. त्या वेळी होता.

बाबांना सगळं समजावून सांगितलं. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस, पण त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “घरी ने मला. मरायचं तर शेतात मरतो.” बाबांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानेच माझा धीर सुटला. मी काहीबाही बोलत राहिले. अखेर त्यांनीच हात सोडला आणि स्ट्रेचरवर आडवे झाले.

ऑपरेशन ठरल्यापेक्षा खूप लांबलं. दार उघडलं की मी उठायचे, दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जायचं, मी बसायचे. सर्जनबाई आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता.

“नळी बसली. उजवं भोक नेमकं आलं, त्यातून छोटी नळी मूत्रपिंडाच्या वाहिनीत गेली. डावीकडची वाहिनी फार वाकडी आहे. खूप प्रयत्न केला, नळीला वाट दाखवणारी तार शिरलीच नाही.”

“म्हणजे डावं गेलं?”

“हो. उजवं किती काम करतंय ते आता बघायचं.”

आयसीयूत बाबांच्या खाटेला लघवीची पिशवी टांगलेली होती. ती कोरडी होती. मला आत सोडत तेव्हा मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने मला हाक मारली. पिशवीच्या तळाशी थोडं पिवळं पाणी साचलं होतं. मी भिंतीला टेकून रडले.

डावं मूत्रपिंड गेल्याचं बाबांना सर्जनबाईंनीच सांगितलं. बाबांनी विचारलं, “एकावर भागतं ना?” त्या “भागतं” म्हणाल्या.

आता ते हिंडतात, नाचणीची भाकरी खातात. लावणीला मात्र मी जाऊ देत नाही. तपासणीला नाशिकला जावं लागतं. नळी सरकली का, उजवं भोक बुजलं का, हे दर वेळी बघतात. गेल्या खेपेला सगळं ठीक निघालं. बाहेर आल्यावर बाबांनी मिसळ मागवली आणि निवांत खाल्ली. मी माझी बशी त्यांच्यापुढे सरकवली. पुढच्या स्कॅनची तारीख पर्समध्ये होती.