बैलाची झूल

राहुरीतले आमचे शेजारी काका प्रत्येक वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. रिमोट, सोफा, स्कूटरची सीटसुद्धा. "धूळ लई वाईट, पोरी," म्हणत कडा अंगठ्याने दाबत राहतात.

त्यांचा बैल गेल्यावर त्याची भरतकामाची झूलही त्यांनी चकचकीत लेपाच्या प्लास्टिकमध्ये बांधून पत्र्याच्या खोलीत ठेवली. यंदा पोळ्याला ती उघडली, तर उन्हाळ्याच्या तापाने तो लेप कापडाला चिकटला होता. त्यांनी प्लास्टिक ओढलं, तसे आरसे आणि रंगीत दोरे त्याच्याबरोबर सुटून आले.

"तू शिकलेली हायेस. हे नीट व्हईल का गं?"

"नाही, काका."

त्यांनी झूल नाकाशी धरली.

"त्याचा वास बी ऱ्हायला न्हाई," ते म्हणाले.