सरदारची करडं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आता सांगतोय तेही डोकं तापलंय म्हणून—आणि राग दुसऱ्या कुणावर नाही.

अमळनेरजवळ माझा शेळ्यांचा गोठा आहे, मटणासाठीच्या. प्रत्येकीच्या कानात बिल्ला. करडाची आई कोण, बाप कोण, जन्मल्यावर वजन किती, तीन महिन्यांनी किती—सगळं टिपायचं. जिची करडं भरतात ती ठेवायची, बाकीच्या विकायच्या. धुळ्याच्या शिबिरांत मला हेच शिकवायला बोलावतात. मोठा शहाणा ना मी!

काही शेळ्या सखूअक्काकडे अर्धेलीने होत्या. चारा-पाणी तिचं, करडं निम्मी-निम्मी. नवऱ्यामागे तिचं घर त्यावरच चालायचं. बोकड मात्र सगळ्यांना एकच, माझा—सरदार. फैजपूरकडून आणलेला. लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे. त्याच्या लेकी वयात आल्या की बोकड बदलायचा, हे मला ठाऊक नव्हतं? इतरांना मीच सांगायचो. पण सरदार गेला तर मी मिरवणार काय?

मग करडं मरतुकडी निघू लागली. माझ्या गोठ्यातली मी गुपचूप विकली. अक्काकडची गावाला दिसली. नोंदींत स्पष्ट होतं—त्या करडांचा बाप आणि आजा एकच, सरदार. तुम्ही काय केलं असतं? जाऊ द्या. मी काय केलं ते ऐका. पारावर चार माणसांत म्हणालो, अक्का शेळ्यांना चारत नाही, उपाशी मारते.

"मी त्यास्ले कधी उपाशी ठेवं नही, भाऊ," एवढंच ती म्हणाली. मी शेळ्या सोडून आणल्या.

लगेच सरदारला धुळ्याच्या बाजारात विकलं, दुसरा बोकड आणला. वजनं वाढली. श्रेय कशाला दिलं? राखणारे हात बदलले, याला. दर शिबिरात तेच सांगत आलो, निर्लज्जासारखा. अक्का आता कापूस वेचायला जाते. अर्धेलीने तिला कुणी शेळी देत नाही.

परवाच्या शिबिरात साक्रीकडचा एक शेतकरी उठला. म्हणाला, माझीही करडं भरत नव्हती—तुमचं ऐकून राखणाऱ्या बाईकडून शेळ्या काढून घेतल्या. टाळ्या वाजल्या. तुझा बोकड किती वर्षांपासून तोच आहे, एवढंच मी विचारायचं होतं. माइक माझ्याच हातात होता.

मी "शाब्बास" म्हणालो.