तिसरी भाकरी

रसवंतीच्या चरकातून उसाचा ओला, हिरवट वास आला, की मला दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतलं नगर आठवतं. लष्करात मोटार मेकॅनिक घ्यायचे होते, म्हणून आमची बुद्धीची परीक्षा झाली होती. ‘ही एकच संधी आहे,’ असं वडिलांनी मला बजावून पाठवलेलं.

पेपर संपल्यावर बाहेर लिंबाखाली मी आणि परीक्षेलाच आलेला तिसगावचा इब्राहिम उत्तरं ताडून पाहत बसलो. दात्यांत दाते अडकलेली ओळीनं तीन चाकं. पहिलं उजवीकडं फिरलं, तर तिसरं कुठं? मी ऐटीत म्हणालो, "डावीकडं."

"न्हाई रं. आमच्या गुऱ्हाळाच्या चरकात रोज बघतो की!" त्यानं फडक्यातल्या तीन भाकरी कडेला कडा लावून मांडल्या आणि एकेक फिरवून दाखवली. मधली डावीकडं गेली, तिसरी पुन्हा उजवीकडं.

तो दोनच यत्ता शिकलेला, म्हणून सकाळपासून मी त्याची कीव करत होतो. आता मीच त्या भाकरी पुन्हा एकदा फिरवून पाहिल्या.

त्यानं तिसरी भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. "खा. पुढच्या खेपंला न्हाई चुकनार तू."

पुढची खेप असते, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.