मी बुजवलेलं भोक

एकही नळ उघडा नव्हता, तरी पंप सुरू होत होता. पाच-सात मिनिटं शांत, मग घर्रर्र. थोडं चालून बंद. पुन्हा तेच. मी आणि मोहिते पंपरूमच्या दारात उभं राहून ते ऐकत होतो.

"साहेब, पाणी कुठंतरी जातंय," मोहिते म्हणाला.

"ते कळलं रे. कुठं?"

"तेवढंच कळंना."

जागा होती दोह्याबाहेरचा एक खासगी तबेला. वीस-बावीस घोडे, एसी लावलेली ठाणं, मधे वाळूचं मैदान. मी एका मेंटेनन्स कंपनीत प्लंबिंग सुपरवायझर आहे. मूळचा चिपळूणचा, आता बायकोबरोबर दोह्यातल्या अल मुंतझा भागात राहतो. मोहिते माझा प्लंबर, कराडजवळच्या गावचा. घरचे सगळे गावाकडे, हा कंपनीच्या कॅम्पमध्ये. हात सोन्यासारखा आणि तोंड मोजकंच.

बूस्टर पंपाचं काम सोपं असतं. लाइनमधलं प्रेशर कमी झालं की तो सुरू होतो, भरलं की थांबतो. कुणी पाणी वापरत नसताना तो सुरू होत असेल तर गळती आहे, एवढं साधं गणित. एप्रिल महिना होता. घोडे धुवायच्या जागेजवळ वाळू ओली होऊन खचायला लागली होती. तिथला मुख्य मोतद्दार उस्मानभाई, सुदानचा, पन्नाशीचा माणूस, त्यानंच आम्हाला ती जागा दाखवली. मालकाला सगळे अबू खालिद म्हणायचे. त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "तिथं घोड्याचा पाय आत गेला, तर तो घोडा खलास. लवकर बघा."

आम्ही लाइनचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत गेलो. धुण्याच्या जागेची लाइन बंद केली आणि पंप गप्प झाला. त्या लाइनवर दोन उभे नळ होते. तिसरा तसाच नळ लांब, आजारी घोडे वेगळे ठेवायच्या जागेपाशी.

हे नळ आपल्या नेहमीच्या नळांसारखे नव्हते. कमरेपेक्षा उंच, जाड लोखंडी पाइप, गडद हिरवा रंग, डोक्यावर हापशासारखा दांडा. दांडा वर केला की पाणी येतं, खाली केला की बंद. याला यार्ड हायड्रंट म्हणतात. आग विझवायचा नव्हे, अंगणातला. गंमत अशी की याचा व्हॉल्व्ह वर नसतोच. पाइपच्या आतून एक लांब सळई खाली जाते आणि जमिनीखाली, छातीभर खोलीवर, टोकाचं रबर पाण्याची वाट उघडतं किंवा बंद करतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खणल्यावर कळलं.

खणताना आधी वाळू लागली, मग अचानक खडीचा थर. इथं खडी कुणी आणि कशाला टाकली, ते कळेना. मोहितेनं हातानं खडी बाजूला केली आणि तसाच वाकून राहिला.

"साहेब, हितं भोक हाय."

"फुटलंय?"

"न्हाई. पाडल्यालं दिसतंय."

मी खड्ड्यात उतरलो. व्हॉल्व्हच्या पितळी अंगाला एक भोक होतं. गोल, गुळगुळीत, आत आटे पाडलेले. त्यातून पाणी झिरपत होतं. मी वर ओरडून दांडा उचलायला सांगितला. वरच्या तोंडातून धो धो पाणी आलं आणि भोक कोरडं पडलं. दांडा खाली केला. वरचं पाणी थांबलं आणि भोकातून भसाभस यायला लागलं.

म्हणजे हा नळ चालू असताना गळत नव्हता आणि बंद केल्यावर गळत होता. बावीस वर्षं मी पाइपांत काढली आहेत, असा नळ पाहिला नव्हता. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. डोकं चालेना.

सळई बाहेर काढली. टोकाचं रबर खाल्लं गेलं होतं. तसं रबर दोह्याच्या कुठल्याच दुकानात मिळालं नाही, म्हणून मोहितेनं जाड रबरशीटमधून कापून घासून बसवलं. झिरपणं थांबलं. पण दांडा खाली केला की त्या भोकातून तांब्याभर पाणी यायचंच, मग थांबायचं.

नळाच्या डोक्यावर इंग्रजीत अक्षरं ओतलेली होती, फ्रॉस्ट फ्री. मोहितेनं मला अर्थ विचारला. मी म्हणालो, गोठत नाही असा. तो कपाळावरचा घाम पुसत हसला. "कतारमध्ये?"

मी मॅथ्यू सरांना फोन लावला. ते आमचे मॅनेजर, केरळचे.

"सर, व्हॉल्व्हला एक होल आहे. बंद केल्यावर त्यातून पाणी येतंय."

"होल कशाला आहे?"

"तेच समजत नाही."

"कोणीतरी चुकीचा माल मागवलाय. प्लग मारून टाक. अबू खालिद रोज फोन करतायत."

भोकाला आटे होतेच. अर्ध्या इंचाहून लहान पितळी बूच टेफ्लॉन टेप लावून त्यात घट्ट बसलं. जणू त्यासाठीच जागा ठेवली होती. दुसऱ्या दिवशी शेजारचा नळही खणला, त्यालाही तेच केलं. तिसऱ्याची तक्रार नव्हती, तो सोडला. पंप गप्प. वाळू सुकली. जॉब कार्डवर मी लिहिलं, 'लीकेज अटेंडेड.' मॅथ्यू सर खूश. मीही खूश होतो, पण समाधान झालं नव्हतं. काम झालं होतं, कळलं काहीच नव्हतं.

जूनमध्ये मॅथ्यू सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

तबेल्यात अपघात झाला होता. एका घोडीचा पुढचा पाय सुजला होता, डॉक्टरांनी त्यावर गार पाणी सोडायला सांगितलं होतं. दुपारचे चार वाजले होते. उस्मानभाईनं त्या नळाखाली घोडीला उभं केलं आणि दांडा उचलला. पहिलं पाणी पायावर पडताच घोडी उधळली. तिची लाथ उस्मानभाईच्या हातावर बसली. हाड मोडलं. घोडीच्या पायाची कातडी भाजली होती.

"उस्मान म्हणतो की त्या नळातून उकळतं पाणी आलं," मॅथ्यू सर म्हणाले. "मालक म्हणतात, त्यानं चुकून आतल्या गीझरच्या लाइनीचा होज लावला आणि आता खोटं बोलतोय. त्याला सुदानला परत पाठवायचं म्हणतायत. त्यांना आपल्याकडून रिपोर्ट हवाय की बाहेरच्या लाइनमध्ये गरम पाणी येऊ शकत नाही."

"येऊ शकतच नाही, सर. गीझरची लाइन वेगळी आहे. टाकीसुद्धा जमिनीखाली आहे."

"मग बघून ये आणि लिहून दे."

उन्हाळ्यात दुपारी बाहेर काम करायला बंदी असते, म्हणून आम्ही नेहमीसारखे पहाटेच निघालो. सहाला तबेल्यात. मी दांडा उचलला, पाण्याखाली हात धरला. पाणी गार. दुसरा नळ, तोही गार. आतल्या गीझरची लाइन तपासली, कुठेच जोडलेली नव्हती. रिपोर्ट म्हणजे चार ओळींचं काम.

उस्मानभाई त्याच्या खोलीबाहेर बसला होता, हात गळ्यात. माझ्याशी तो मोडक्या हिंदीत बोलायचा, मधे मधे अरबी.

"भाई, सकाळी काय बघतोस? चार वाजता ये."

"टाकी जमिनीखाली आहे, उस्मानभाई. पाणी गरम होणार कसं?"

"ते मला माहीत नाही. मी घोड्यांचं काम करतो, पाइपांचं नाही." मग म्हणाला, "आठ वर्षं मी या नळाचं पाणी वापरतोय. आठ उन्हाळे. गरम कधीच आलं नाही. तू आलास, खड्डा केलास, त्यानंतर येतं."

मला राग आला. चार फूट खाली मारलेलं एक बूच पाणी गरम कसं करेल? परतताना गाडीत मी मोहितेला तसं म्हटलंही. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पर साहेब, त्यो खोटं कशापायी बोलंल?"

रिपोर्ट मी त्या दिवशी दिला नाही.

संध्याकाळी घरी हात धुवायला गेलो आणि सवयीनं लाल खुणेचा नळ सोडला. उन्हाळ्यात इथं सगळेच तसं करतात. गच्चीवरच्या टाकीमुळे गार पाण्याचा नळ चटके देतो. गीझर बंद ठेवला की त्याच्यातलं घराच्या सावलीतलं पाणीच त्यातल्या त्यात गार. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आज निळा नळ चुकूनसुद्धा सोडू नका. सकाळी माझी बोटं पोळली."

"टाकी उन्हात असते म्हणून," मी म्हणालो.

"टाकी कशाला, नुसता गॅलरीतला पाइप पुरतो. त्यात साठलेलं पाणी आधी येतं ना."

मी हात तसेच ओले घेऊन उभा राहिलो. साठलेलं. पण आधी का साठत नव्हतं?

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी आणि मोहिते तबेल्यात पोचलो. हिरव्या पाइपला हात लावला आणि लगेच काढला. बादली धरून दांडा उचलला. पहिलं तांब्या-दोन तांबे पाणी वाफाळतं आलं. हात घालवेना. मग निवळत निवळत साधं पाणी. दुसऱ्या नळाचं तेच.

मग आम्ही तिसऱ्याकडे गेलो, ज्याला आम्ही हात लावला नव्हता. पाइप तितकाच तापलेला. दांडा उचलला. आधी नुसती हवा आली, फस्स करून. मग पाणी. कोमट, पण पोळणारं नाही. मोहितेनं दांडा खाली केला आणि पाइपाला फडकं लावून कान टेकला.

"साहेब, ऐका."

आत गुळगुळ आवाज होता. पाणी खाली चाललं होतं.

तिथंच उभं राहून मी फोनवर त्या नळाची माहिती शोधली. थंड देशांत उभ्या पाइपात पाणी राहिलं तर गोठतं आणि पाइप फुटतो. म्हणून नळ बंद केला की वरचं सगळं पाणी त्या भोकातून खडीत निघून जातं आणि पाइप रिकामा राहतो. खडी त्यासाठीच. रिकाम्या पाइपात गोठायला पाणी नाही आणि इथल्या उन्हात तापायलाही नाही. खराब होतं ते फक्त रबर. ते आम्ही बदललं होतं. तिथंच थांबायला हवं होतं. ही माहिती शोधायला मला पाच मिनिटं लागली. एप्रिलमध्येही तेवढीच लागली असती.

मी मॅथ्यू सरांना फोन केला. आपल्याच बुचामुळे हे झालं, असं सांगितलं.

"हे बघ, उन्हाळ्यात सगळ्या कतारमध्ये पाणी गरम येतं," ते म्हणाले. "लाइनमध्ये दोष नाही, एवढंच लिही. ते खरंच आहे."

"मग उस्मान जाईल, सर."

"आणि नाही लिहिलंस तर कॉन्ट्रॅक्ट जाईल. तुझ्या टीमचं काम त्यावर आहे. विचार कर."

मी गाडीत एसी लावून बसलो. मॅथ्यू सर वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं चूकही नव्हतं. मोहिते शेजारी बसला होता, त्यानं फोन ऐकला होता.

"साहेब, बूच म्या मारलं. माझं नाव लिवा."

"मारायला मी सांगितलं. गप्प बस."

खोटं बोलणार नाही, त्या वेळी मला माझी नोकरी दिसत होती. चिपळूणच्या घराचा हप्ता दिसत होता. पण गळ्यात हात अडकवून बसलेला तो माणूसही दिसत होता. आठ उन्हाळे म्हणाला होता तो. मी त्याला खोटारडा समजून परत गेलो होतो.

मी उतरलो आणि सरळ अबू खालिदांच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत गेलो. चूक माझी आहे, असं पहिल्याच वाक्यात सांगितलं. मग त्यांना उन्हात घेऊन गेलो. त्यांनी आधी तिसऱ्या नळाचं पाणी बघितलं, मग पहिल्याच्या पाइपाला हात लावला. हात झटकला. तिथून ते उस्मानभाईच्या खोलीकडे गेले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हे ठीक करा. यल्ला, लवकर."

आम्ही त्याच आठवड्यात दोन्ही बुचं काढली. त्या नळांची खरी रबरं बाहेरून मागवली, मोहितेनं बसवली, खडी धुऊन परत भरली. उस्मानभाई राहिला. हात जुळला, फक्त मनगट पूर्ण वळत नाही. घोडीचा पाय बरा झाला. मला वॉर्निंग लेटर मिळालं. कॉन्ट्रॅक्ट गेलं नाही, पण सहा महिने त्या साइटवर माझ्याऐवजी दुसरा सुपरवायझर जात होता.

एक गोष्ट मला अजून समजलेली नाही. उस्मानभाई म्हणाला, ते नळ तबेल्याच्या आधीच्या मॅनेजरनं बसवून घेतले होते, कॅनडाची एक बाई होती. तिनं इथल्या उन्हाचा विचार करून ते निवडले, की तिकडची सवय म्हणून तेच मागवले? मी विचारलं, तर त्यानं खांदे उडवले. "पाणी चांगलं यायचं," एवढंच म्हणाला.

आता मी कुठल्याही साइटवर गेलो, की काय बिघडलंय हे नंतर विचारतो. आधी विचारतो, हे चांगलं होतं तेव्हा कसं चालायचं? आणि ते ऑफिसातल्या माणसाला नाही, रोज वापरणाऱ्याला विचारतो. लोक जरा चमकतात. एका क्लायंटनं तर मॅथ्यू सरांकडे तक्रार केली, तुमचा सुपरवायझर कामाआधी अर्धा तास गप्पा मारत बसतो.

मारतो.